इराणात ‘नको’ म्हणायला शिकताना

आमच्या कपाटात पैठणीच्या शेजारी एक तेरमे घडी घालून ठेवलंय. तेरमे म्हणजे इराणच्या यझ्द शहरात विणलं जाणारं भारी कापड. लाल जमिनीवर कोयऱ्या आणि कडेला जर. मुलीच्या लग्नात देतात, आईकडून लेकीकडे जातं. माझ्याकडचं मी विकत घेतलेलं नाही आणि ते भेट मिळालं असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. एका भल्या बाईच्या घरातून मी ते घेऊन आले, एवढं खरं. ते कसं झालं हे सांगायचं तर तेहरानमधल्या पहिल्या टॅक्सीपासून सुरुवात करावी लागेल.

२०१९च्या ऑक्टोबरात मी आणि माझी थोरली नणंद सोळा दिवस इराणला गेलो. मी बँकेतून निवृत्त, ताई शाळेतून. ‘तुम्ही जा, मी घर सांभाळतो,’ असं माझे यजमान म्हणाले. त्यांनी ते एकदाच म्हटलं आणि आम्ही ते तसंच खरं मानलं. आपल्याकडे एवढ्यावर भागतं.

व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज केला. मंजुरीचा क्रमांक आला, मग पुढची कागदपत्रं. व्हिसा पासपोर्टवर न उमटवता वेगळ्या कागदावर दिला; तो कागद परत येईपर्यंत जिवापाड जपायचा. पासपोर्टवर इस्रायलचा शिक्का असेल तर प्रवेश नाही. नियम मात्र सारखे बदलतात. २०२४च्या फेब्रुवारीपासून भारतीयांना पंधरा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं होतं, पुढे ती सवलतही थांबली. शिवाय त्या भागात युद्धाचे ढग केव्हा दाटतील याचा नेम नाही. त्यामुळे जायचं ठरलंच तर आधी वकिलातीकडून ताजी माहिती घ्या. माझ्या अनुभवावर विसंबून तिकीट काढू नका.

विमान उतरायला लागलं तशा आजूबाजूच्या बायकांच्या पिशव्यांतून रुमाल बाहेर आले. आम्हीही ओढण्या डोक्यावर घेतल्या. बायकांनी केस झाकायचे, अंगावर मांडीपर्यंत येणारं सैल काहीतरी घालायचं, हा तिथला कायदा. पाहुण्यांनाही सूट नाही. त्या वरच्या अंगरख्याला ‘मांतो’ म्हणतात. आम्ही आपले लांब कुर्तेच घालत होतो आणि कुणी हटकलं नाही. पुरुषांनी अर्ध्या चड्डीत फिरायचं नाही. ओढणी सुती घ्यावी, रेशमी सारखी घसरते. मी हौसेने पैठणीच्या काठाची रेशमी नेली आणि पहिले तीन दिवस एक हात तिच्याच सेवेत राहिला.

आता पैसे. निर्बंधांमुळे आपली कुठलीही कार्डं तिथे चालत नाहीत. एटीएम नाही, परदेशी संकेतस्थळांवरून हॉटेल नाही, काही नाही. सगळ्या प्रवासाची रोकड डॉलर किंवा युरोत, कोऱ्या नोटांमध्ये, अंगावर बाळगायची. तेहरानच्या फिर्दौसी रस्त्यावर नोटा बदलून देणारी दुकानं आहेत, त्यांना ‘सर्राफी’ म्हणतात. पुण्यात सराफ म्हटलं की सोनं डोळ्यांपुढे येतं, तिथे मूळचा अर्थ शाबूत आहे. मी शंभर डॉलर दिले आणि एक कोटीच्या वर रियाल घेऊन बाहेर आले. बत्तीस वर्षं लोकांची कॅश मोजली, पण कोट्यधीश होण्याचा योग तिथे आला.

गंमत पुढेच आहे. नोटांवर छापलेलं असतं रियाल आणि माणसं बोलतात तोमानमध्ये. दहा रियालचा एक तोमान. त्यात बोलताना हजारही गाळतात. ‘वीस’ म्हणजे वीस हजार तोमान, म्हणजे दोन लाख रियाल. पाटीवरचे आकडे फारसी. चार, पाच, सहा यांची वळणं अरबीहून वेगळी, पाच उलट्या बदामासारखा, शून्य म्हणजे नुसता ठिपका. गाड्यांच्या नंबरप्लेट वाचून वाचून दोन दिवसांत आकडे येतात, तेवढे शिकाच. आणि बँकवालीच्या काळजाला घरं पडतील असं एक दृश्य: स्थानिक लोक सगळीकडे कार्डाने पैसे देतात आणि आपला पिन दुकानदाराला मोठ्याने सांगतात. रांगेतले सगळे ऐकतात. कुणाला त्याचं काही नाही.

तर टॅक्सी. सर्राफीतून हॉटेलवर आलो. ड्रायव्हर साठीचा, हसतमुख. मी नोटा पुढे केल्या. त्याने छातीवर हात ठेवला, मान लववली आणि म्हणाला, ‘काबेल नदारे.’ मला फारसी येत नाही, पण ‘काबील’ कळलं. म्हणजे, तुमच्यापुढे याची काय किंमत, असू द्या. मी पुन्हा नोटा पुढे केल्या. तो पुन्हा ‘काबेल नदारे’. ताईंचे डोळे पाणावले. ‘बघ, भारताबद्दल किती प्रेम!’ मी ‘मेर्सी, मेर्सी’ म्हणत नोटा पर्समध्ये टाकल्या. (तिथे धन्यवादाला सर्रास ‘मेर्सी’च म्हणतात.) आम्ही उतरलो. वळून पाहिलं तर तो गाडीबाहेर येऊन उभा होता. ओरडत नव्हता की मागत नव्हता, नुसता टक्कल खाजवत होता.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला आम्ही कौतुकाने हे सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि धावत बाहेर गेली. तो अजून तिथेच होता. पैसे दिले, माफी मागितली. त्याने ते घेताना आणखी एकदा ‘काबेल नदारे’ म्हटलंच!

या प्रकाराला ‘तारोफ’ म्हणतात. काउंटरवरच्या मुलीने तिथेच आमची शिकवणी घेतली. दुकानदार, टॅक्सीवाला, नान भाजणारा नानवाई, कुणीही पैसे नको म्हणेल. ते खरं नसतं, पण खोटंही नसतं. तुम्ही ‘खाहेश मिकोनम’, म्हणजे विनंती आहे, असं म्हणत दोन-तीनदा आग्रह करायचा, मग तो घेतो. उलट कुणी तुम्हाला काही देऊ केलं तर लगेच हात पुढे करायचा नाही. दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर बहुधा मनापासून आहे. ‘बहुधा’ हा तिचा शब्द. मी विचारलं, नक्की कसं ओळखायचं? ती म्हणाली, आम्हालाही कधी कधी कळत नाही.

ताई म्हणाल्या, ‘यात नवीन काय? पंगतीत जिलबी वाढतात तेव्हा आपण पानावर आडवा हात धरतोच की.’ बरोबर आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे आग्रह पंगतीपुरता असतो. रिक्षावाला मीटर पाडून ‘राहू द्या हो काकू’ म्हणत नाही. तिथे मात्र अख्खं गाव कायम पंगतीत बसलेलं असतं.

मुळाशी आहे अब्रू. हा शब्दही तिकडचाच, ‘आबरू’: आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा, चेहऱ्यावरचं पाणी. आपली जपायची आणि समोरच्याचीही. रोजच्या बोलण्यात त्याची इतकी सूत्रं आहेत की सुरुवातीला मी वहीत लिहून घेत होते. कुणी काम करत असेल तर जाताना ‘खस्ते नबाशीद’ म्हणायचं, म्हणजे तुम्ही थकू नये. कुणी काही हातात दिलं की ‘दस्ते शोमा दर्द नकोने’, तुमचा हात न दुखो. ताईंना त्यातलं ‘नकोने’ फार आवडलं. ‘यांचं नकोसुद्धा आपलंच आहे,’ म्हणाल्या. ते तसं नाही, नुसता ध्वनी जुळतो, पण बाकीचे शब्द खरोखरच आपल्या घरात राहायला आलेले आहेत. दफ्तर, दस्तखत, फर्मान, हवा, जमीन, पेशवा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातल्या अशाच फारसी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला. महाराजांना जे पूर्ण जमलं नाही त्याचा मला तिथे पदोपदी उपयोग झाला.

तेहरानात रस्ता ओलांडणं हा स्वतंत्र विषय आहे. गाड्या थांबत नाहीत, तुमच्या भोवतीने वळतात. मुंबईकराला जमेल. मेट्रो मात्र उत्तम. पुढचे आणि मागचे डबे बायकांचे, हवं तर मधल्या डब्यातही बसता येतं. बायकांच्या डब्यात शिरलो आणि थेट मुंबईच्या लोकलमध्ये आल्यासारखं वाटलं. एक मुलगी मोजे विकतेय, एक ओढण्या, एक केसांच्या पिना. ओढण्या गळ्यावर घसरलेल्या, केस अर्धे बाहेर, नव्या ओढणीचा रंग बघायला सगळ्याजणी माना वाकड्या करून हजर. २०२२च्या सप्टेंबरात, केस नीट झाकले नाहीत म्हणून पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा मला तो डबा आठवला होता. पाहुणीने नियम पाळावेत, आम्ही पाळले. पण त्या नियमाखाली रोज राहणाऱ्या मुलींना काय वाटतं, ते पाहुणीने आपल्या वतीने ठरवू नये. राजकारणाचा विषय आपणहून काढायचा नाही, त्यांनी काढला तर ऐकायचं. आम्ही एवढंच केलं.

काशानमध्ये ताईंच्या जेवणाची पंचाईत झाली. त्या शुद्ध शाकाहारी. ‘गोश्त नको’ असं सांगितलं, त्यांनी आनंदाने मान डोलावली आणि भातात कोंबडीचा तुकडा आला. तिथे गोश्त म्हणजे मेंढीचं, गाईचं मांस. कोंबडी त्यात धरत नाहीत. ‘गियाहखार’ हा शब्द पाठ करा, आणि ‘गोश्त नाही, मोर्ग नाही, माही नाही’ अशी सगळी यादी सांगा. मोर्ग म्हणजे कोंबडी, माही म्हणजे मासा. मग काही अडत नाही. ‘कश्क-ए बादेम्जान’ हे आपल्या भरताच्या जवळचं, वरून कश्क म्हणजे दह्याचाच एक आंबूस, घट्ट प्रकार, तळलेला कांदा आणि पुदिना. गरम नान, ‘मास्त’ म्हणजे दही, पानं खुडून खायच्या हिरव्या भाज्या. ‘दूग’ हे नाव ऐकून दूध समजू नका, ते ताक आहे. बाटलीतलं असेल तर सोड्यासारखं फसफसणारंही निघतं. ताईंनी पहिला घोट घेतला आणि बाटली दूर धरून तिच्याकडे बघत राहिल्या.

इस्फहानला चार दिवस राहिलो, चौदा राहायला हवे होते. नक्श-ए जहान चौक साधारण पाचशे साठ मीटर लांब आणि एकशे साठ रुंद. पहिल्या शाह अब्बासने सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजधानी तिथे आणली आणि एका बाजूला शाही मशीद, एका बाजूला राजवाडा, समोर शेख लुत्फुल्ला मशीद, चौथीकडे बाजार असा संसार मांडला. लुत्फुल्ला मशिदीला मिनार नाहीत की अंगण नाही. आतल्या घुमटाखाली आम्ही किती वेळ बसलो माहीत नाही. नमाजाच्या वेळा सोडून पर्यटकांना येऊ देतात. शुक्रवारी दुपारचा नमाज असतो, तेव्हा मशिदींचा बेत दुसऱ्या दिवशी ठेवावा. मोहर्रमनंतरचा सफर महिना होता, त्यामुळे गल्लोगल्ली शोकाचे काळे झेंडे होते. अशा दिवसांत भडक कपडे, मोठ्याने हसणं-खिदळणं जरा आवरतं घेतलेलं बरं. कुणी तसं सांगितलं नाही, पण सुतकाच्या घरात आपण जसे वागतो तसंच.

नदीकाठी संध्याकाळी कुटुंबंच्या कुटुंबं सतरंज्या टाकून बसतात. जवळून गेलात की ‘बेफरमाईद!’ अशी हाक येणारच. फर्मावा, म्हणजे या, बसा, घ्या. आम्ही धडा गिरवून एकदा नको, दोनदा नको केलं. तिसऱ्यांदा एका आजीबाईंनी ताईंचा हात धरून खालीच बसवलं. हे तारोफ नसतं हे कळायला फारसी यावी लागत नाही. त्यांनी काकड्या पुढे केल्या; तिथे काकडी फळांत धरतात, मीठ लावून खातात. चहा बिनदुधाचा. साखरेचा खडा दातांत धरायचा आणि त्यावरून चहा ओढायचा. साखरेच्या त्या खड्याला म्हणतात ‘कंद’. गुल म्हणजे गुलाब, कंद म्हणजे साखर. इतकी वर्षं गुलकंद खाल्ला आणि त्याची फोड इस्फहानच्या गवतावर झाली.

पुरुषांशी वागण्याचं सांगते. बाईने आपणहून हात पुढे केला तरच पुरुष हस्तांदोलन करील, कधी कधी तेव्हाही नाही. उजवा हात छातीवर ठेवून मान झुकवली की झालं. आपल्या नमस्कारालाही लोक खूश होतात. अंगठा वर करून ‘छान’ अशी खूण करू नका. तरुणांना आता तिचा अर्थ ठाऊक असतो, पण वयस्कर माणसाला ती शिवी वाटते. ताईंनी इस्फहानच्या एका गालिचेवाल्याला तीन वेळा अंगठा दाखवला. त्याने तीन वेळा चहा पाजला. चारचौघांत नाक शिंकरणंही वाईट दिसतं. एस.टी.सारख्या लांबच्या बसमध्ये अनोळखी बाई आणि पुरुष शेजारी बसवत नाहीत, कंडक्टर स्वतः जागा बदलतो, त्यात अपमान काही नाही.

यझ्द वाळवंटातलं. मातीच्या भिंती, छतांवर वारा खाली ओढणारे ‘बादगीर’, जमिनीखाली ‘कनातीं’चं, म्हणजे खोदलेल्या भुयारी पाटांचं, पाणी. जुन्या दारांना दोन कड्या असतात: पुरुषांसाठी जड दांडी, बायकांसाठी हलकं वळं. आवाजावरून आतल्यांना कळतं कोण आलंय आणि दार कुणी उघडायचं. घराचे भागही दोन, परक्यांसाठी ‘बीरूनी’ आणि घरच्यांसाठी ‘अंदरूनी’. ओसरी आणि माजघर म्हणा.

हे जरथुश्त्र्यांचं जुनं गाव. आपल्या मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलवाल्यांपैकी पुष्कळांचे पूर्वज याच भागातून आले. तिथल्या आतशकद्यातला, म्हणजे अग्निमंदिरातला, अग्नी इसवी सन ४७० पासून तेवत ठेवलाय असं मानतात. आजची इमारत १९३४ची, मुंबईच्या पारशांच्या मदतीने उभी राहिली. पर्यटकांना काचेतून अग्नी दिसतो. आमच्या शेजारी एक बाई शांतपणे उभ्या होत्या. आम्ही हिंद म्हटलं, त्या म्हणाल्या ‘बम्बई?’ पुणे सांगून उपयोग नव्हता, मी हो म्हटलं.

त्याच बाईंनी आम्हाला घरी बोलावलं. लेकीला इंग्रजी येत होतं, तिच्या तोंडून. आम्ही दोनदा नको म्हटलं. त्यांनी पत्ता कागदावर लिहिला, वेळ सांगितली, आणि रात्री लेकीने हॉटेलवर फोन करून पुन्हा विचारलं. खरं आमंत्रण ओळखायची ही खूण पक्की: पत्ता आणि वेळ आली की ते तारोफ नाही.

जाताना मिठाईचा डबा न्यावा. आम्ही यझ्दच्याच कुत्ताबचा नेला, शिवाय घरून नेलेले वेलदोडे. चपला दाराबाहेर. आत घालायच्या सपाता वेगळ्या आणि संडासाच्या दाराशी आणखी वेगळ्या. त्या घालून दिवाणखान्यात येऊ नका, मी आले. जमिनीवर ‘सोफ्रे’ अंथरून जेवण. सोफ्रे ओलांडायचा नाही, नान खाली पडू द्यायचं नाही, पाय कुणाकडे रोखायचे नाहीत. यात आम्हाला शिकण्यासारखं काही नव्हतं, आमच्या आजीने हे सगळं धपाटे घालून शिकवलेलं. आपण पान चाटूनपुसून लख्ख करतो, तिथे पान रिकामं दिसलं की पुन्हा वाढतात. मी तीनदा फसले.

आणि मग कोपऱ्यातल्या मेजावरचं ते लाल तेरमे दिसलं. मी मनापासून म्हटलं, किती सुंदर! बाई लगेच म्हणाल्या, ‘पीशकश.’ पेशकश. म्हणजे तुम्हालाच अर्पण.

इथे मला थांबायला हवं होतं. एखाद्या घरातल्या वस्तूची स्तुती केली की यजमानाला ‘पीशकश’ म्हणणं भागच असतं, हे काउंटरवरच्या मुलीने सांगितलं नव्हतं. मी नियमाप्रमाणे नको म्हटलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा बाई उठल्या, मेजावरच्या फुलदाण्या उतरवल्या, तेरमेची घडी घातली, कागदात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं. तीनचा आकडा उलटून गेला होता. मी हिशेबाची बाई. मला वाटलं, आता नाही म्हणणं उद्धटपणा. मी घेतलं. लेक काहीतरी बोलायला गेली आणि गप्प बसली. उघडं मेज फार उघडं दिसत होतं.

हॉटेलवरच्या मुलाने कागद उलगडून पाहिलं आणि शीळ घातली. हे हातमागाचं, जुनं आहे, म्हणाला. त्यांच्या आईचं असेल. मग काय करायला हवं होतं? मुबारक असो म्हणून तिथेच ठेवून यायचं. दहा वेळा दिलं तरी. मग आता परत नेऊन देऊ? छे! तो तर अपमान. रात्रभर मी जागी. ताई म्हणाल्या, ‘अगं, त्यांनी मनापासूनही दिलं असेल.’ असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी पैठणीच्या काठाची ओढणी नीट घडी करून नेली. बाई दारातच भेटल्या. ‘पीशकश,’ मी म्हटलं. त्यांनी तीनदा नको म्हटलं, मी चारदा घ्या म्हटलं. त्यांनी ती डोळ्यांना लावली आणि लगेच डोक्यावर घेतली. माझ्याहून त्यांनाच शोभत होती, घसरतही नव्हती. फिटंफाट झाली की नाही, मला आजही कळलेलं नाही.

शिराझमध्ये ‘शाह चिराग’ दर्ग्यात बायकांना चादोर सक्तीची; दारातच फुलाफुलांची देतात. बायका-पुरुषांची दारं वेगळी, मोठ्या पिशव्या आणि कॅमेरे बाहेर. चादोर सांभाळताना माझी त्रेधा उडाली, ताईंनी मात्र ती डोक्यावरून पदर घ्यावा तशी सहज घेतली, टोक दातांत धरलं आणि चालू लागल्या. आतल्या भिंती आरशांच्या तुकड्यांनी मढवलेल्या. माणसं रडत असतात, त्यांचे फोटो काढू नयेत. पोलीस, लष्कर, सरकारी इमारती यांचे तर कुठेच काढू नयेत.

शिराझचा जुना कवी हाफिज, त्याच्या समाधीवर लोक दगडावर दोन बोटं टेकवून पुटपुटतात. या हाफिजला दख्खनच्या बहमनी सुलतानाने दरबारी बोलावलं होतं. तो होर्मूझपर्यंत आला, वादळ पाहून मागे फिरला आणि स्वतःऐवजी एक गझल पाठवून दिली, अशी कथा इतिहासकार फिरिश्ता सांगतो, आणि फिरिश्ता तर आपल्या अहमदनगर-विजापूरच्या दरबारातला. चौदाव्या शतकातलं हे ‘नको’ मला फार आवडलं. असं सुबक मला यझ्दमध्ये सुचायला हवं होतं.

पर्सेपोलिसला, प्राचीन इराणी सम्राटांच्या राजधानीचे अवशेष पाहायला, त्यांच्या ‘तख्त-ए जमशीद’ला, टॅक्सी करून गेलो. शिराझहून साठेक किलोमीटर. टॅक्सी ‘दरबस्त’ हवी असं सांगायचं, दार बंद, म्हणजे मध्ये दुसरं गिऱ्हाईक घेणार नाही. ड्रायव्हर निघतानाच मान वळवून म्हणाला, माझी पाठ तुमच्याकडे आहे, माफ करा. याचं ठरलेलं उत्तर वहीत होतं: ‘गोल पोश्त-ओ-रू नदारे’, फुलाला पाठ-पोट नसतं. मी ते म्हटलं. त्याने गाडी जवळजवळ थांबवली आणि टाळ्या वाजवल्या.

तिथल्या ‘अपादाना’ या दरबार-महालाच्या जिन्यावर तेवीस देशांची माणसं राजाला नजराणे घेऊन चाललेली कोरली आहेत, एकेका जथ्याच्या म्होरक्याचा हात धरून दरबारी माणूस त्याला पुढे नेतोय. अडीच हजार वर्षं पेशकश चाललीये. आपली माणसंही आहेत त्यात: धोतरासारखं नेसलेली, बरोबर एक गाढव, आणि एकाच्या खांद्यावर चक्क कावड. मी ताईंना म्हटलं, याला विचारायला हवं, किती वेळा नको म्हणाले होते.

परतीच्या दिवशी तेहरानात विमानतळाकडे जाणारी मेट्रो पकडली. बायकांचा डबा, तेच मोजे, त्याच पिना. समोर एक कॉलेजातली मुलगी बसली होती. ती माझ्या कानांकडे बोट करून काहीतरी म्हणाली, त्यातलं ‘कशंग’ कळलं, सुंदर. माझ्या मोत्यांच्या कुड्या होत्या, लग्नातल्या. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘पीशकश.’ नुसतं बोलून थांबले नाही, हात फिरकीकडे गेला. मुलगी खळखळून हसली. पुढे वाकून तिने माझा हात धरून खाली घेतला आणि म्हणाली, ‘मुबारक-ए साहेबश.’

‘साहेब कोण आता मध्येच?’ ताईंनी विचारलं.

‘मालक,’ मी म्हटलं. ‘ज्याचं आहे त्यालाच लाभो म्हणतेय.’

ताईंनी पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. तेरमे त्यात सगळ्यात वर होतं.